चारी दिशांना पाणी, हाताशी आख्खा दिवस

मैत्रिणींनो, कोल्हापूरकडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. येत्या डिसेंबरात त्या सहकुटुंब जहाजाच्या सफरीला निघाल्या आहेत. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. बरोबर यजमान, सासूबाई, नववीतली कन्या आणि पाच वर्षांचे चिरंजीव. तीन वर्षं भिशी लावून, दिवाळीचा बोनस बाजूला टाकून तिकिटं काढली. आणि मग कार्यक्रमपत्रिका नीट वाचली तर दुसऱ्या दिवसापुढे एकच शब्द, 'समुद्रात'. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. "एवढे पैसे घालून दोन दोन दिवस नुसतं पाण्याकडे बघत बसायचं का हो?" असं त्या विचारतात. आणि पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, आणखी एक वाक्य आहे: "तिथेही ह्या चौघांचं मलाच बघायचं, मग घरातच काय वाईट होतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येईल. दुसऱ्यासाठी मात्र हे पान लागणार आहे.

मुंबईहून लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचं अंतर समुद्रावरून जवळजवळ ९०० किलोमीटर भरतं. प्रवासी जहाज साधारण सोळा ते अठरा नॉट वेगाने जातं, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हिशेब केलात तर ताशी तीस-तेहतीस किलोमीटर होतात. आपली लाल एसटी घाट चढताना जाते ना, तशी गत. अठ्ठावीस-तीस तास त्यातच जातात. तेव्हा संध्याकाळी मुंबई सोडली की दुसरा दिवस पाण्यात जाणारच. कंपनीने त्यात काही वाचवलेलं नाही. सिंगापूरच्या सफरीत असा एखादा दिवस असतो, अलास्काच्या सफरीत दोन-तीन, आणि इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजावर तर सलग आठवडाभर दुसरं काही नसतंच. तरी लोक मुद्दाम जातात.

आता दुसरा प्रश्न. जहाजावर तुम्हाला स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, धुणं नाही, झाडलोट नाही. पाणी भरायचं नाही. गोडं पाणीसुद्धा जहाज समुद्राच्या पाण्यातून स्वतःच तयार करतं. असा दिवस लग्न झाल्यापासून आपल्यापैकी कितीजणींना मिळाला असेल? माहेरपणातसुद्धा आई ओट्याशी उभी असली की आपण नुसत्या बसू शकत नाही. पण काम संपलं तरी कामाची सवय बॅगेतून बरोबर येते, आणि ती चुकवायची तर तयारी घरूनच करावी लागते.

मी लक्षद्वीपला गेले होते तेव्हा आमच्या शेजारच्या केबिनमधल्या बाई रोज सकाळी खोली आवरणारा मुलगा यायच्या आत स्वतःच चादरी घडी करून, उशा रचून ठेवायच्या. न्हाणीघर पुसून काढायच्या. "परक्या माणसाला आपला पसारा कसा दाखवायचा?" म्हणायच्या. भाव चांगला, पण तो मुलगा तेच काम करायला तिथे आहे, आणि घडी घातलेली चादर तो उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने घालतोच. गोव्यातल्या कितीतरी घरांमधली मुलं पिढ्यान् पिढ्या बोटीवर नोकरीला जात आली आहेत. महिनोन् महिने घर सोडून राहतात. त्याचं नाव विचारा, दोन शब्द गोड बोला, शेवटच्या दिवशी काही हातावर ठेवा. अंथरूण मात्र त्याला घालू द्या.

दुसऱ्या एक बाई पोहण्याच्या तलावाकाठी बसून असत. यजमान पाण्यात, मुलं पाण्यात, दीर-जाऊ पाण्यात, आणि ह्या सगळ्यांच्या चपला, टॉवेल, चष्मे, मोबाइल पुढ्यात मांडून राखण करताहेत. सकाळी नऊ ते दुपारी एक! मी विचारलं, "तुम्ही का नाही?" तर म्हणाल्या, "सामानाजवळ कुणीतरी नको का?" अहो, जहाजावर चपला कोण नेतंय! मौल्यवान वस्तूंसाठी केबिनमध्ये कुलपाची तिजोरी असते. बाकीचं खुशाल खुर्चीवर ठेवावं. फक्त एक, नुसता टॉवेल टाकून खुर्ची अडवून ठेवायची आपली एसटीतली युक्ती इथे फार वेळ चालत नाही. बऱ्याच जहाजांवर अर्ध्या-पाऊण तासाने नोकर तो उचलून नेतात.

तर कोल्हापूरच्या ताईंना माझं सांगणं असं की, सफरीला निघण्याआधी आठ दिवस, रात्रीची जेवणं झाली की सगळ्यांना बसवा आणि समुद्रातल्या दिवसाची सकाळ मागून घ्या. सकाळच मागा हं, दुपार नको. दुपारचा तास-दीड तास घरातही कधीमधी आपल्या वाट्याला येतो. सहा ते दहा ही वेळ मात्र डबे, दूध, आंघोळीची पाणी, शाळेची गाडी ह्यांत गेलेली असते, वर्षानुवर्षं. ती एकदा मिळून बघा.

"मला जरा मोकळं सोडा" असं मोघम सांगून उपयोग नसतो, हे तुम्हीही जाणता. नेमकं सांगावं लागतं. "सकाळी उठल्यापासून दहापर्यंत बाळूचं दात घासणं, आंघोळ, न्याहारी तुमच्याकडे. सासूबाईंच्या गोळ्या ताईकडे. मी दहाला बुफेच्या दारात भेटेन." इतकं स्पष्ट. यजमानांना पाच वर्षांच्या मुलाला चार तास सांभाळता येत नाही असं नसतं, तशी वेळ कधी आलेली नसते एवढंच. बाळूचे कपडे, टोपी, बदलायची चड्डी असं सगळं एका पिशवीत आदल्या रात्री भरून ठेवा, म्हणजे "अगं, त्याचं ते कुठंय?" असा निरोप घेऊन कुणी डेकवर शोधत यायला नको. (यायचं ते येतंच. पण निदान एकदाच येईल.)

आणि मग त्या सकाळी करायचं काय? मुंबईहून निघून जहाज दक्षिणेला चाललेलं असतं, म्हणजे जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलात तर सूर्य डाव्या हाताला उगवतो आणि मावळतो उजव्या हाताला. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं. साडेसहाला शाल गुंडाळून वरच्या डेकवर जा. गर्दी नसते, असली तर चार म्हातारे फेऱ्या मारताना दिसतील. पाण्यापासून तीस मीटर उंचीवर उभं असाल तर नजर सुमारे वीस किलोमीटरपर्यंत पोचते, आणि त्या सगळ्या गोलात कधी कधी एकही होडी नसते. थोडा वेळ पाण्याकडे नीट बघत राहिलात तर जहाजाच्या पुढून चांदीच्या चिमट्यासारखं काही तरी उडताना दिसेल. ते उडते मासे. पाण्यातून उसळतात, पंख पसरतात आणि बरंच अंतर हवेतून तरंगत जाऊन पुन्हा शिरतात. नशीब असेल तर डॉल्फिनही दिसतील. फोटोच्या मागे लागू नका, मोबाइल काढेपर्यंत ते गेलेले असतात.

चहा घ्या, दुसरा घ्या. कुणी उठवणार नाही. पुस्तक न्यायचं तर जाडजूड न्या. घरी दहा दहा पानांनी वाचून ज्याचा धागा सुटत आला आहे असं. पत्र लिहायची सवय गेली असली तरी कुणाला एखादं लिहून बघा. नुसतं बसायचं असेल तर नुसतं बसा. पहिला अर्धा तास फार अवघड जातो, हात कशाला तरी शिवशिवतात. नंतर जमतं.

आता तब्येतीचं, कारण तब्येत बिघडली तर सकाळ काय आणि दुपार काय. पत्रात ताई लिहितात की सासूबाईंचं माहेर मालवणकडचं आणि "बोट लागते" ह्या धास्तीने त्या आत्तापासून कासावीस आहेत. त्यांचं काही चुकत नाही. गेल्या शतकात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या त्या बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना डेकवर सतरंजी टाकून, ट्रंकांना टेकून काढलेली रात्र आठवते. आणि बंदर आलं की भर समुद्रात हलत्या पडावात उतरायचं तेही आठवतं. आजच्या मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांनी डोलणं पुष्कळ कमी होतं. शिवाय अरबी समुद्र खवळतो तो जून ते सप्टेंबर. डिसेंबर हा शांत महिना आहे. तरी सावधगिरी हवी.

बोट लागते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "आपण हलतोय" आणि केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे सांगतात "सगळं स्थिर आहे". त्या दोघांच्या भांडणात मळमळ सुरू होते. म्हणून बंद खोलीत पडून मोबाइल बघणं किंवा क्रोशाची सुई हातात घेणं सगळ्यात वाईट. मोकळ्या हवेत येऊन आकाश पाण्याला टेकतं त्या रेषेकडे बघत बसावं. एसटीत मागच्या बाकावर जसे गचके जास्त, तसंच जहाजातही टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त. सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची, मध्यावरची केबिन मागा. ती बहुधा स्वस्तही असते. पोट रिकामं ठेवू नये आणि तडसही लावू नये. कोरडा टोस्ट, खारी, आलेपाकाची वडी जवळ असावी. गोळी घ्यायची तर ती आधी, मळमळ सुरू होण्यापूर्वी. उलट्या लागल्यावर ती पोटात राहत नाही. ॲव्होमीनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि झोपेत जिना उतरताना म्हातारं माणूस पडायला वेळ लागत नाही. म्हणून कुठली, किती आणि कधी हे डॉक्टरांना विचारूनच. काचबिंदू, रक्तदाब, दिवस राहिलेले असणं हे आवर्जून सांगा. दिवस गेलेल्यांना चोवीस आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या जहाजावर घेतच नाहीत.

रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी रात्र होते. परदेशी सफर असेल तर घड्याळाचाही घोळ असतो. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन कुठल्या वेळेने घ्यायचं ते घरूनच ठरवून जावं.

हात मात्र साबणाने धुवा, बरं का. बुफेच्या दारात बाटलीतलं औषध हाताला चोळायला देतात, ते चोळावंच. पण जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा जो विषाणू असतो त्याला नुसत्या अल्कोहोलचं फारसं काही वाटत नाही. साबण आणि वाहतं पाणी हाच त्यावरचा उपाय. मुलांना जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत येऊन तसंच जेवायला बसू देऊ नका.

मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते, जहाजावरच्या तलावाकाठी जीवरक्षक असतोच असं नाही. तिथे बाळूवर एका मोठ्या माणसाची नजर हवी, आणि ते मोठं माणूस म्हणजे नववीतली मुलगी नव्हे. सज्जा असलेली केबिन घेतली असेल तर खुर्ची कठड्यापासून दूर. मुलांसाठी खेळघर असतं, साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांना घेतात. पहिल्याच संध्याकाळी जाऊन नाव घाला, कारण समुद्रातल्या दिवशी सगळ्यांनाच ते आठवतं.

निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते. सात लहान भोंगे आणि एक लांब. पुष्कळ मंडळी तेव्हा बुफेच्या वासावर असतात आणि कुरकुरतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. आदल्या काही तासांत चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांत केली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी करावी लागते. सासूबाईंचा हात धरून आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालून या, लिफ्टने नव्हे, जिन्याने.

सासूबाई दिवसभर काय करतील ही ताईंची काळजी मला फारशी वाटत नाही. रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद येतो, काही जहाजांवर तो मोबाइलवर असतो. त्यांना पेन्सिल देऊन खुणा करायला सांगा. आमच्या जहाजावर एका दुपारी पाच-सहा आज्यांनी मिळून पत्त्यांचा डाव मांडला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही. नातीला आजीच्या जोडीला द्या. तिलाही बरं, आईचा डोळा चुकवून हिंडायला मिळतं. घरच्यांनी त्या कागदावरचं सगळंच करायचा घाट घातला तर मात्र हाणून पाडा. सकाळी नाच शिकणं, मग फळं कोरणं, मग बिंगो, मग जादूचे प्रयोग... दिवसाला दोन पुरे. आपल्या माणसांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला धावपळ लागते.

पैशांचंही सांगते. समुद्रातला दिवस हा जहाजाचा बाजाराचा दिवस असतो. बंदरात असताना करमुक्त दुकानं आणि जुगाराची दालनं बहुधा बंद ठेवावी लागतात, म्हणून सगळा जोर ह्याच दिवशी. मसाज, दागिने, घड्याळं, फोटो, पेयांची पाकिटं. सगळं केबिनच्या कार्डावर मांडलं जातं, हातातून नोट जात नाही, त्यामुळे टोचत नाही. रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन खातं बघून यायचं काम कन्येला द्या, तिचं गणितही पक्कं होईल. साधं पाणी, चहा बुफेत बहुधा भाड्यातच असतो. बाटलीबंद आणि गोड-रंगीत ते निराळं. जुगाराच्या दालनात 'नुसतं बघायला' सुद्धा जाऊ नये असं माझं मत आहे, कुणाला जुनाट वाटलं तर वाटो. आणि मोबाइल जहाज सुटताच विमानाच्या स्थितीत टाका. किनारा दूर गेला की तो जहाजाच्या जाळ्याला आपोआप चिकटतो आणि महिन्याने बिल बघून घरात रामायण होतं.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. डेकवर वारा जबरदस्त असतो, नायलॉनची साडी हातात राहत नाही; सुती साडीला चार पिना किंवा सरळ सलवार-कमीज. पायात रबरी तळाच्या चपला. आत वातानुकूलनामुळे गारठा, म्हणून शाल. साडी-ड्रेस घालून तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा पोशाखच लागतो. पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ मिळतात आता. एकदा उतरून बघाच. केसांना आधी तेल लावून घट्ट वेणी, कारण बऱ्याच जहाजांवर ते पाणी खारं असतं. इस्त्री, विजेची किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. घरचा डबा, ओला खाऊही चढू देत नाहीत. लाडू-चिवड्याचा डबा भरायच्या आधी कंपनीचे नियम वाचा; नाहीतर आदल्या दिवशी तीन तास गॅसपाशी उभं राहायचं आणि सगळं धक्क्यावरच ठेवून यायचं.

रात्री जेवणं झाली की यजमानांना घेऊन पुन्हा वर जा, बाळू झोपला असेल तर आजीपाशी सोडून. दिव्यांपासून लांबचा कोपरा शोधा. कोल्हापुरातही इतक्या चांदण्या दिसत नाहीत. वाकून न बघता, कठड्याच्या आतूनच, जहाज पाणी कापतं तिथे नजर ठेवा. कधी कधी फेसात निळसर उजेड चमकतो. पाण्यातले अगदी बारीक जीव हलवले गेले की तसा उजेड देतात.

परतीच्या समुद्रातल्या दिवशी पुन्हा अशीच सकाळ मिळेल, घरच्यांनी पहिली निभावून नेली असेल तर बहुधा न मागता. त्या रात्री मात्र एक काम आहे. मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात, जहाजाची माणसं त्या उचलून नेतात आणि दुसऱ्या दिवशी थेट धक्क्यावर मिळतात. तेव्हा सकाळचे कपडे, दात घासायचे ब्रश आणि सासूबाईंचे दात आधी वेगळे काढून ठेवा. आमच्या वेळी एका काकूंनी सगळ्यांचं नीट आवरून, घड्या घालून, बॅगा बाहेर ठेवल्या आणि सकाळी अंगावरच्या गाउनवर जाऊबाईंची शाल पांघरून मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. हसत उतरल्या, हे त्यांचं विशेष.